हप्ते थकले की नाशिकमध्ये कुठे जायचं: विधी सेवा, लोकअदालत, लोकपाल की निबंधक?

कर्ज किती थकलं यापेक्षा हातात कोणता कागद आला, त्यावरून कुठे जायचं ते ठरतं. या चौघांपैकी कोणीही फी घेत नाही, पण एकाचं काम दुसरा करत नाही.

समन्स किंवा चेक बाउन्सची नोटीस आली असेल

सीबीएसजवळच्या जिल्हा न्यायालयातलं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण गाठा. निफाड, मालेगावसारख्या ठिकाणी तालुका विधी सेवा समिती असते. चौघांत केस लढायला वकील फक्त इथेच मिळतो. महिला, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट नाही. इतरांचं वार्षिक उत्पन्न ३ लाखांच्या आत हवं. म्हणजे मायक्रोफायनान्सचं कर्ज बाईच्या नावावर असेल, तर घरात कोण किती कमावतं हा प्रश्नच येत नाही. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलच्या रांगेत तारीख घालवू नका, शपथपत्रावरही अर्ज घेता येतो. सोबत आधार, समन्स, कर्जाचा करार आणि खात्याचा उतारा न्या. आधी विचारायचं असेल तर १५१०० हा टोल फ्री क्रमांक आहे.

चेक बाउन्सची नोटीस हातात पडल्यापासून १५ दिवसांत चेकची रक्कम भरली, तर केस उभीच राहत नाही. पोस्टमनला परत पाठवून काही साधत नाही. नाकारलेली नोटीस मिळाली असंच कोर्ट धरतं.

एकरकमी किंवा ठरलेल्या हप्त्यांत द्यायला पैसे असतील

तरच लोकअदालत. केस दाखल होण्याआधीच बँका तिथल्या नोटिसा पाठवतात आणि लोक घाबरतात. पण तिथलं पॅनल तुमच्या संमतीशिवाय काहीच ठरवू शकत नाही. आकडा परवडत नसेल तर नाही म्हणून उठून या. सही केली की मात्र तो हुकूमनामा होतो आणि त्यावर अपील नाही. म्हणून सहीआधी कागदावर चार गोष्टी बघा: एकूण रक्कम आणि तारखा, तारण म्हणून दिलेले चेक परत, चालू केस मागे, येणे बाकी नसल्याचा दाखला. ‘एक हप्ता चुकला तर सवलत रद्द’ हे वाक्य जवळपास नेहमी असतं, आणि घोळ तिथेच होतो. भरता येईल तेवढीच रक्कम कबूल करा. सूट घेतली तर सिबिलमध्ये ‘सेटल्ड’ असा शेरा पडतो, तोही हिशेबात धरा.

एजंट छळत असतील, चुकीचे चार्ज लावले असतील

इथे रिझर्व्ह बँकेचा लोकपाल बरा, वकिलाची गरज नाही. वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करता येत नाहीत. आधी बँकेकडे किंवा फायनान्स कंपनीकडे लेखी तक्रार करून पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर तक्रार टाका. थेट लोकपालाकडे गेलेल्या तक्रारी याच एका कारणाने परत येतात. कॉल लॉगचे स्क्रीनशॉट जोडा. मूळ कर्ज मात्र यातून माफ होत नाही.

पतसंस्था किंवा सावकार असेल

पतसंस्था लोकपालाच्या कक्षेत येत नाही. ती सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली सहकार खात्याच्या उपनिबंधकाकडून वसुली दाखला मिळवते. त्या सुनावणीची नोटीस आली की हजर राहा, हिशेबावर लेखी हरकत द्या. एकदा दाखला निघाला की त्यावर पुनरीक्षण, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडून फेरतपासणी, मागायला आधी येणे रकमेच्या ५० टक्के भरावे लागतात, आणि ज्याचे हप्ते थकलेत तो ते कुठून आणणार?

सावकाराची तक्रार जिल्हा उपनिबंधकाकडे किंवा तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे करायची. परवानाधारक सावकाराला शेतकऱ्याकडून तारणी कर्जावर वर्षाला ९ आणि विनातारण १२ टक्के, इतरांकडून १५ आणि १८ टक्के एवढंच व्याज घेता येतं. महिन्याला ५ टक्के लावणारा उघड बेकायदा आहे. कर्जापोटी खरेदीखत करून घेतलेली जमीनही, ती १५ वर्षांच्या आत गेली असेल तर, २०१४ च्या सावकारी कायद्याच्या कलम १८ खाली परत मागता येते. त्यासाठी खरेदीखताची नक्कल, सातबारा आणि पैसे दिल्याघेतल्याचा जो असेल तो पुरावा, अगदी डायरीचं पानसुद्धा, अर्जाला जोडा.