छोट्या बागेत उंच गुलाब: स्वतः उभा राहणारा घ्यायचा की खांबावर चढणारा?

उंच गुलाब घ्यायचा म्हटलं की सगळे आधी विचारतात किती फूट जाईल. माझ्या मते हा प्रश्न नंतरचा. आधी बघायचं की तो आडवा किती पसरणार, आणि वर गेलेल्या फांद्यांपर्यंत तुमचा हात पोचणार का, कारण छोट्या बागेत वर जागाच जागा असते, चणचण असते ती खाली, जिथून रोज ये-जा करताना बाही काट्यात अडकते आणि मग एक दिवस वैतागून माणूस कात्री घेऊन नको तिथे छाटतो.

तर सरळ दोन जाती समोरासमोर ठेवते, क्वीन एलिझाबेथ आणि गोल्डन शॉवर्स. हीच दोन का, तर उंच गुलाबाचे जे दोन मुख्य स्वभाव आहेत ते या दोघांत अगदी स्वच्छ दिसतात. आणि गंमत म्हणजे दोघी एकाच घरच्या. अमेरिकेतल्या वॉल्टर लॅमर्ट्स यांनी दोन्ही तयार केल्या, क्वीन एलिझाबेथ १९५४ ची आणि गोल्डन शॉवर्स १९५६ ची, दोघींची आई एकच, शार्लट आर्मस्ट्राँग नावाची हायब्रिड टी (म्हणजे एका दांडीवर एकच मोठं फूल देणाऱ्या वर्गातली). फक्त बाप वेगळे. एकीचा बाप झुपक्याने फुलणारा फ्लोराडोरा, दुसरीचा कॅप्टन थॉमस, जो स्वतःच चढणारा गुलाब. त्यामुळे एक ताठ उभी राहते आणि दुसरीला आधार लागतो.

आधी क्वीन एलिझाबेथ. गुलाबी रंग, मोठं फूल, पण हायब्रिड टीसारखं एका दांडीवर एकच नाही तर बरेचदा तीन-चारचा झुपका. ही आली तेव्हा ठरलेल्या कुठल्याच वर्गात नीट बसेना म्हणून ग्रँडिफ्लोरा हा वर्गच हिच्यासाठी काढला. जागतिक गुलाब महासंघाच्या हॉल ऑफ फेममध्येही गेली. वाढ एकदम सरळसोट, ६-७ फूट सहज, हवा उबदार आणि छाटणी हलकी असेल तर त्याच्याही वर, आणि तरी खाली घेर अडीच-तीन फुटांचाच. आधार नको, तार नको, बांधाबांध नको. काटेही तसे कमी. छोट्या बागेसाठी हे सगळं ऐकायला फारच छान वाटतं ना?

अडचण आहे ती फुलं कुठे येतात त्यात. सगळी शेंड्याला. खालचे दोन-अडीच फूट नुसत्या काड्या, त्यावर चार पानं, आणि फुलं तुमच्या डोक्याच्या वर आकाशाकडे तोंड करून. तुम्ही खुर्चीवर बसून बघणार असाल तर तुम्हाला दिसणार देठ आणि पाकळ्यांची मागची बाजू, फुलाचा चेहरा दिसणार वरच्या मजल्यावरच्यांना! यावर उपाय आहे, छाटताना सगळ्या फांद्या एका रेषेत कापायच्या नाहीत. दोन फांद्या गुडघ्याएवढ्या ठेवायच्या, दोन कमरेएवढ्या, एखाददुसरी छातीपर्यंत, म्हणजे नवे फुटवे वेगवेगळ्या उंचीवरून निघतात आणि फुलं वर-खाली विखुरतात. सगळ्या एकसारख्या कापल्या की ती पुन्हा एकदम सुसाट वर जाते आणि परत शेंड्यालाच फुलते. शिवाय समोर काहीतरी दोन फूट उंचीचं भरगच्च लावा, म्हणजे हे उघडे पाय झाकले जातील. हिला पुढे लावणं म्हणजे सिनेमात सगळ्यात उंच माणसाला पहिल्या रांगेत बसवणं, हिची जागा मागेच.

फुलदाणीसाठी मात्र तोड नाही. लांब सरळ दांडी, फूल टिकतंही बरेच दिवस. वास हलका, जवळ नाक नेलं तर येतो.

आता गोल्डन शॉवर्स. पिवळी, थोड्याच पाकळ्यांची, चकचकीत गडद पानांची. उंची ८ ते १० फूट, म्हणजे चढणाऱ्या गुलाबांत ही बुटकीच, आणि छोट्या जागेसाठी मला हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण एवढी उंची स्टुलावर उभं राहून हाताळता येते. एखादा मजबूत खांब, नाहीतर अरुंद जाळी, एवढ्यावर तिचं भागतं. नीट बांधलेली असली तर खाली दोन-अडीच फुटांत मावते. मोकळी सोडली तर पसरते बरं का, सहा फुटांपर्यंतही, म्हणजे "चढणारा गुलाब जागा कमी खातो" हे फक्त बांधणाऱ्या माणसाच्या बाबतीत खरं.

आणि बांधायची पण एक रीत आहे. फांदी सरळ उभी सोडली की शेंड्याचा डोळा, म्हणजे फुटवा निघतो तो अंकुर, खालच्या सगळ्या डोळ्यांना दाबून ठेवतो, वाढीचा सगळा जोर वरच जातो आणि खाली काहीच फुटत नाही. तीच फांदी आडवी किंवा तिरकी केली की शेंड्याची ही दादागिरी संपते आणि पानाच्या प्रत्येक बेचक्यातला डोळा जागा होतो. वाकवल्यावर काही दिवसांनी जवळून बघा, अख्ख्या फांदीवर ओळीने लालसर टोकं फुगलेली दिसतात, त्यातलं प्रत्येक टोक म्हणजे एक आखूड फुटवा आणि त्याच्या शेवटी फूल. भिंतीवर फांद्या पंख्यासारख्या पसरवून हे करता येतं, पण छोट्या बागेत लांब भिंत कुठून आणणार, म्हणून खांब. खांबाभोवती फांद्या जिन्यासारख्या तिरक्या गुंडाळत न्यायच्या, एक डावीकडून, एक उजवीकडून, की पायापासून वरपर्यंत फुलं. फांदी कोवळी, हिरवी असतानाच वळवायची, ही जात ताठ आहे, जून फांदी वाकवायला गेलात तर काडकन मोडेल. बांधताना तार नको, जुन्या सुती कापडाची पट्टी घ्या आणि इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा फास द्या, एका वेढ्यात खांब आणि एका वेढ्यात फांदी, म्हणजे फांदी जाड झाली तरी आवळली जात नाही.

हिचं एक चांगलं की फार न वाकवताही ती बऱ्यापैकी खालपासून फुलते, बाकीच्या चढणाऱ्यांचं तसं नसतं. थोडी सावलीही चालवून घेते. वाईट काय, तर फूल टिकत नाही. कळी गर्द पिवळी, उघडलं की एक-दोन दिवसांत फिकट लोण्याच्या रंगाचं, मग पाकळ्या खाली. झाडावर सतत नवीन येत राहतात म्हणून लांबून भरलेलं दिसतं, पण फुलदाणीत ठेवाल तर पाकळ्या टेबलावर. आणि पाकळ्या रोज झाडायला लागतील, फरशीवर खांब असेल तर हे लक्षात ठेवा.

मग घ्यायची कुठली? फुलं तोडून घरात ठेवायची हौस असेल, किंवा बांधायला वेळ नाही, वर्षातून एकदा छाटून विसरून जायचं असेल, तर क्वीन एलिझाबेथ. कुंपणाच्या आतून एक आडोसा हवा असेल तरी तीच, अडीच-तीन फुटांवर तीन झाडं लावली की शेजारच्या खिडकीतून दिसणं बंद. दाराशेजारी, जिन्याखाली, गॅलरीच्या कोपऱ्यात असा हातभर रुंदीचा तुकडा असेल आणि बसल्या जागेवरून डोळ्यांसमोर फुलं दिसायला हवी असतील तर गोल्डन शॉवर्स. माझं स्वतःचं मत विचाराल तर बहुतेक छोट्या बागांना खांबावरचा गुलाबच जास्त शोभतो, कारण दोन फूट जागेत पायापासून डोक्याच्या वरपर्यंत फूल देणारं दुसरं काही मला तरी माहीत नाही. पण महिन्यातून एकदा नवे फुटवे वळवून बांधायला जमणार नसेल तर माझं मत बाजूला ठेवा आणि क्वीन एलिझाबेथ घ्या, न बांधलेल्या वेलीपेक्षा ती हजारपट बरी.

पिवळा नको असेल तर त्याच जागेवर कोण बसेल? पांढऱ्यात क्लायंबिंग आइसबर्ग. काटे जवळजवळ नाहीत, फुलांचा नुसता पाऊस, पण वाढ गोल्डन शॉवर्सपेक्षा जास्त आणि दमट हवेत पानांवर काळे ठिपके लवकर येतात. नावाच्या आधी "क्लायंबिंग" लागलेल्या अशा जाती म्हणजे मुळात झुडूप असलेल्या गुलाबाला आपोआप फुटलेली लांब फांदी, तिच्यावरून केलेली कलमं. त्यांना पहिली दोन वर्षं कडक छाटू नका, पुन्हा झुडपावर येण्याची भीती असते.

एडन म्हणजेच पिअर द रोन्सार, २००६ च्या हॉल ऑफ फेममधली. फोटो बघून सगळे हिच्याच प्रेमात पडतात, आणि पडावं असंच फूल आहे, पाकळ्यांनी ठासून भरलेलं, कडेला गुलाबी आणि मधे दुधाळ. वजनाने फूल खाली मान टाकतं, पण खांबावर, कमानीवर ते उलट फायद्याचंच, खालून बघणाऱ्याकडे तोंड येतं. वास जवळपास नाही. आणि सततच्या पावसात कळ्या न उघडता चिकटून कुजतात, त्यामुळे फुलायच्या दिवसांत जिथे पाऊस लागून राहतो तिथे मी नाही घेणार.

वास हवाच असेल आणि दारातून लहान मुलं ये-जा करत असतील तर झेफिरिन द्रुआँ, १८६८ सालची, बोर्बाँ नावाच्या जुन्या वर्गातली, गर्द गुलाबी, काटे अजिबात नाहीत, वास भरपूर. बदल्यात भुरी (पानांवरची पांढरी बुरशी) आणि काळे ठिपके दोन्ही सांभाळायची तयारी ठेवा.

न्यू डॉन बद्दल सगळीकडे चांगलंच ऐकाल आणि ते खरंही आहे, दणकट, निरोगी, फिकट गुलाबी, आणि १९३१ साली जगातलं पहिलं वनस्पती पेटंट हिलाच मिळालं. पण १२ ते २० फूट! त्यात आकडेदार काटे. छोट्या बागेत ही पाहुणी म्हणून येते आणि घरमालकीण होते. नको.

रॅम्बलर, म्हणजे लांब लवचिक फांद्यांनी दूरवर पसरणारे गुलाब, तर नकोच नको. किफ्ट्सगेटसारखी जात ३० फुटांच्या वर जाते, झाडंच्या झाडं गिळते, आणि वर्षातून एकदाच फुलते. शिवाय बहुतेक रॅम्बलर गेल्या वर्षीच्या फांद्यांवर फुलतात, म्हणजे जागा नाही म्हणून हिवाळ्यात छाटलंत की त्या वर्षीची फुलंच छाटलीत.

राहिला स्टँडर्ड, म्हणजे तीन-साडेतीन फुटांच्या सरळ खोडावर वर डोळा भरून, म्हणजे कलम करून, केलेला, छत्रीसारखा. उंची मिळते, खाली जमीन मोकळी राहते, तिथे दुसरं काही लावता येतं, कुंडीतही चालतो. दिसायला देखणा, पण सगळा भार एका काडीवर, जोराच्या वाऱ्यात कलमाच्या जागी तुटतो, त्यामुळे भक्कम टेकू कायमचा. खोडावर मधेच रानटी फुटवे येतात ते दिसताक्षणी मोडायचे, नाहीतर वरचं कलम उपाशी मरतं. वाऱ्याच्या गच्चीवर नको, आडोशाच्या अंगणात खुशाल लावा.

एक गोष्ट मात्र कुठलीही जात घेताना बघा. लेबलवरची उंची थंड हवेतली असते बरेचदा. नवे गुलाब तयार करणारे इंग्लंडचे डेव्हिड ऑस्टिन, त्यांची ग्रॅहम थॉमस, १९८३ ची, थंड प्रदेशात चार-पाच फुटांचं झुडूप म्हणून विकली जाते आणि उष्ण हवेत तीच दहा फुटांच्या फांद्या फेकते, इतकी की लोक तिला खांबावर चढवतात. म्हणून लेबल वाचण्यापेक्षा तुमच्यासारख्याच हवेत कोणी लावलेलं झाड बघून या.

ऊन रोज सहा तास तरी हवं, त्यातही सकाळचं असेल तर उत्तम, कारण पानावरचं दव लवकर वाळतं. काळ्या ठिपक्यांच्या बुरशीला पान साधारण सात तास ओलं मिळालं की ती आत शिरते, त्यामुळे पाणी मुळाशी द्या, संध्याकाळी पानांवर पाइप मारू नका. कोपऱ्यात तिन्ही बाजूंनी भिंत असेल तर वारा खेळत नाही, तिथे आइसबर्ग किंवा झेफिरिनपेक्षा क्वीन एलिझाबेथ बरी टिकते.

लावताना भिंतीला अगदी चिकटवू नका, पायथ्याशी पाऊस पोचत नाही आणि माती कोरडी राहते. दीड फूट सोडून खड्डा घ्या आणि रोप भिंतीकडे किंचित तिरकं लावा. खांब मात्र आधी रोवायचा आणि मग झाड, नंतर रोवायला गेलात तर मुळं तुटतात. कुंडीच हवी असेल तर निदान दीड-दोन फूट खोल आणि तेवढीच रुंद, आणि तिच्यात दहा फुटांची अपेक्षा नको, सहा-सात फुटांत समाधान माना. रोप निवडताना फुलं बघून भुलू नका, बुंध्याशी बघा, कलमाच्या वरून निदान तीन जाड फांद्या हव्यात आणि त्या वेगवेगळ्या दिशांना निघालेल्या असाव्यात. आणि चढणारा घेतलात तर पहिली दोन वर्षं फुलं कमी आली म्हणून उपटू नका, तो आधी सांगाडा बांधतो, क्वीन एलिझाबेथ पहिल्याच वर्षी फुलते म्हणून तिच्याशी तुलना करत बसायचं नाही.