विकिडेटा: संदर्भासकट माहिती साठवायला कितपत कामाचं?

'शहराची लोकसंख्या इतकी' हा आकडा टेबलच्या एका रकान्यात बसतो. पण तो कधीचा, कुणी मोजला, उपनगरं धरून की सोडून, हे सगळं बाहेरच राहतं. २०१२ साली सुरू झालेलं विकिडेटा, म्हणजे विकिपीडियाच्याच परिवारातला खुला माहितीसाठा, इथे खरंच भक्कम आहे. प्रत्येक विधानाला, म्हणजे एकेका नोंदीला, क्वालिफायर (जोडीचा तपशील), स्रोत आणि रँक (प्रेफर्ड, नॉर्मल किंवा डेप्रिकेटेड) जोडता येते. विकिडेटात प्रत्येक गुणधर्माला 'पी'चा क्रमांक असतो: लोकसंख्येच्या विधानाला पी५८५ लावून मोजणीची तारीख द्यायची, पी४५९ लावून पद्धत. नवा आकडा आला की जुना खोडायचा नाही. शेजारी दुसरं विधान घालून त्याला 'प्रेफर्ड' रँक द्यायची.

रँकमध्येच बहुतेक जण घसरतात. 'डेप्रिकेटेड' म्हणजे जुनं नव्हे, चुकीचं. माजी महापौराचं नाव 'नॉर्मल' रँकवरच ठेवून पी५८० आणि पी५८२ ने कार्यकाळाची सुरुवात आणि शेवट लिहायचा. तोच माणूस दोनदा महापौर झाला असेल तर दोन वेगळी विधानं करा. एकाच विधानात दोन सुरुवाती नि दोन शेवट कोंबले, तर कुठली तारीख कुठल्या जोडीची हे कळायला मार्ग नाही.

विकिडेटाला प्रश्न (क्वेरी) विचारायची भाषा म्हणजे स्पार्कल (SPARQL). तिच्यात गुणधर्माआधी लावायचा डब्ल्यूडीटी (wdt:) हा प्रीफिक्स सोपा, म्हणून सगळे तोच वापरतात. तो फक्त सर्वांत वरच्या रँकची विधानं देतो. त्यामुळे कुणी ताजा आकडा प्रेफर्ड केला की तुमच्या आलेखातून मागची सगळी वर्षं गुपचूप गायब! इतिहास हवा असेल तर पी (p:, पूर्ण विधान), पीएस (ps:, त्याचं मूल्य) आणि पीक्यू (pq:, त्याचे क्वालिफायर) या प्रीफिक्सच्या वाटेने जा. मात्र तिथे डेप्रिकेटेड विधानंही येतात, ती रँक तपासून गाळावी लागतात. तारखांचंही तसंच. नुसतं वर्ष माहीत असलेली नोंद क्वेरीत १ जानेवारी म्हणून दिसते. पीक्यूव्ही (pqv:) हा प्रीफिक्स क्वालिफायरचं मूल्य सगळ्या तपशिलासह देतो, त्यातून अचूकतेचा आकडा वाचा: ९ म्हणजे वर्ष, ११ म्हणजे दिवस.

क्वेरीला ६० सेकंदांची मर्यादा आहे, मोठ्या कामाला डंप (सगळ्या डेटाची एकत्र फाइल) उतरवलेला बरा. डेटा सीसी-झिरो (CC0, हक्क सोडून देऊन सर्वांना खुला केलेला), म्हणजे परवान्याची कटकट नाही.

खरी उणीव दुसरीकडे आहे. क्वालिफायरला क्वालिफायर लागत नाही. आणि 'ही गोष्ट कधी खरी होती' हे विचारता येतं, पण 'आपल्या नोंदीत ती कधी आली' हे पानाच्या इतिहासात पडून राहतं, विकिडेटाच्या क्वेरी सेवेत मिळत नाही. ऑडिटसाठी दोन्ही काळ लागत असतील, तर हे मॉडेल जसंच्या तसं उचलू नका. नोंदीच्या वेळेचे रकाने आपल्या बाजूला वेगळे ठेवा.