शाळेच्या ग्रंथालयात थ्रीडी प्रिंटर : दहा महिने आणि कोकणातला एक पावसाळा

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आमचा थ्रीडी प्रिंटर (प्लॅस्टिकची तार वितळवून थरावर थर रचत वस्तू बनवणारं यंत्र) बंद पडला. वॉरंटी सुरू असूनही पुरवठादाराने माणूस पाठवायचे २,८०० रुपये, वर जीएसटी, असे मागितले. नॉझल, म्हणजे वितळलेलं प्लॅस्टिक बाहेर सोडणारं टोक, म्हणे वॉरंटीत बसत नाही. शाळा रत्नागिरी जिल्ह्यातली, मी तिथे ग्रंथपाल. केंद्र सरकारच्या योजनेतल्या अटल टिंकरिंग लॅबला, म्हणजे मुलांनी वस्तू बनवून शिकायच्या शाळेतल्या प्रयोगशाळेला, २० लाखांपर्यंत अनुदान मिळतं. आमच्याकडे माजी विद्यार्थ्यांनी दिलेले ४० हजार होते, त्यातले २४ हजार एकट्या या यंत्राला गेले. त्यामुळे २,८०० हा आकडा ऐकून माझा संताप झाला, आणि तो अजून पुरता निवलेला नाही.

डिसेंबर ते मे तक्रारीला जागा नव्हती. आठवीतल्या एका मुलीने वाचनकक्षातल्या पंख्याच्या रेग्युलेटरचं तुटलेलं बटण व्हर्नियर कॅलिपरने मोजलं, टिंकरकॅड या संगणकावर आराखडा काढायच्या प्रोग्रॅममध्ये काढलं आणि छापलं. पहिलं सैल झालं, दुसरं दांड्यावर चढेना, तिसरं बसलं. एका बटणाला सहा ग्रॅम प्लॅस्टिक लागलं. प्लॅस्टिकच्या तारेचं रीळ ९५० रुपये किलोचं, म्हणजे तिन्ही मिळून अठरा रुपयांच्या आत खर्च. ते बटण आजही रोज फिरवलं जातं. वीज गेली तर काम जिथे थांबलं तिथून पुढे सुरू करायची सोय प्रिंटरमध्ये आहे, आणि आमच्याकडे तिचा उपयोग आठवड्यातून दोनदा तरी होतोच.

मग जून उजाडला. छापलेल्या वस्तूंवर कोळिष्टकांसारखे तंतू दिसू लागले, पृष्ठभाग खरबरीत यायला लागला. सातवीतला एक मुलगा म्हणाला, "बाई, फोडणी टाकल्यासारखा आवाज येतोय." अगदी तसाच तडतड आवाज होता. फोनवरच्या तंत्रज्ञाने तापमान बदला, वेग कमी करा असं सांगितलं. आम्ही दोन्ही केलं. महिन्याभरात रिळाची तार नळीतच मोडायला लागली आणि शेवटी नॉझल तुंबलं.

कारण होतं ओल. पीएलए, म्हणजे या तारेचं प्लॅस्टिक, हवेतलं पाणी शोषतं. नॉझलमध्ये २०० अंशांना त्या पाण्याची वाफ होते आणि ती तडतडत बाहेर पडते. ओलावलेली तार ठिसूळही होते. पुस्तिकेत याबद्दल एकच ओळ : रीळ कोरड्या जागी ठेवा. जुलैत कोकणात कोरडी जागा कुठे शोधायची? आमच्या पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर बुरशी धरते, मीठ पाझरतं. यंत्र इथे विकताना ही गोष्ट तोंडाने सांगायला हवी होती.

वरचं सगळं जुलैत लिहून ठेवलं होतं. आता सप्टेंबर संपत आलाय आणि यंत्राबद्दलचं माझं मत बदललंय.

पुरवठादाराची वाट बघणं सोडून नववीच्या चार मुलांना घेऊन बसले. नॉझल तापवलं, तार आत दाबली, ९० अंशांपर्यंत थंड होऊ दिलं आणि झटक्यात ओढली. टोकाला जळक्या प्लॅस्टिकचा काळा खडा चिकटून आला! दोनदा तसं केल्यावर वाट मोकळी झाली. नवं पितळी नॉझल साठ रुपयांना मिळालं, तेही मुलांनीच बसवलं. पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३पासून जे रुजवलं ते हेच, मुलांनी हाताने खरं काम करत शिकायचं. छापलेल्या खेळण्यांपेक्षा त्या दुपारी मुलं जास्त शिकली, असं मला मनापासून वाटतं.

आता रीळ पापडाच्या रुंद, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात असतं. रिळाचा व्यास २० सेंमी असतो, तेव्हा डबा मोजूनच घ्या. आत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलची पुरचुंडी. नारिंगी मण्यांचं घ्या. निळ्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, ते मुलांच्या हाती नको. मणी हिरवे झाले की स्वयंपाकात न वापरायच्या जुन्या तव्यावर मंद आचेवर कोरडे करते. रीळ ओलं झालंच तर प्रिंटरचा तापणारा पाट (ज्यावर वस्तू छापली जाते तो) ५० अंशांवर ठेवून त्यावर रीळ, वरून त्याचंच खोकं, पाच-सहा तास, मध्ये एकदा उलटं करायचं. साठाच्या आसपास पीएलए मऊ पडतं, म्हणून त्याच्या फार जवळ जाऊ नका. ऑगस्टमध्ये असं वाळवलेल्या रिळातून पुन्हा गुळगुळीत काम निघालं.

बाकी सामानाबद्दल थोडक्यात. पुस्तकांसारखीच हत्यारंही आम्ही नोंदवहीत सही घेऊन देतो. ग्लू गनचं (गरम गोंद सोडणाऱ्या पिस्तुलाचं) पान तीनदा भरलं. पक्कड, कानस, लोखंड कापायची करवत सतत बाहेर असतात. प्रिंटरचं अजून पहिलंच पान चालू आहे. ४० हजार पुन्हा हातात आले तर आधी हत्यारं, पुठ्ठा, वायरी, मल्टीमीटर घेईन आणि प्रिंटर दुसऱ्या वर्षी.

पुरवठादाराने आता वार्षिक देखभालीचा ६,५०० रुपयांचा प्रस्ताव पाठवलाय. मुख्याध्यापकांना मी नको म्हणून लिहून दिलं. त्या वाचलेल्या पैशांतल्या अकराशे रुपयांत दुसरी ग्लू गन, पाच नॉझल आणि आणखी एक पापडाचा डबा आणला.