मंडपवाल्याची स्टीलची ताटं आणि सहा हजारांतली घरची पार्टी

नवऱ्याची चाळिशी होती. हॉटेलात विचारलं तर एका डोक्यामागे साडेसहाशे, वर टॅक्स, आणि आम्ही लहानमोठे धरून सव्वीस जण. मी म्हटलं राहू दे, घरीच करू, सहा हजारांच्या वर जायचं नाही. आणि हा रिव्ह्यू मुळात आमच्या गल्लीतल्या मंडपवाल्याचा आहे, कारण पार्टी झाली ती त्याच्यामुळे. दुकानाचं नाव देत नाही, पुढे थोडी तक्रार पण आहे. पण असा एक माणूस कोथरूडातच काय, प्रत्येक एरियात असतोच, बाहेर खुर्च्यांची चळत लावलेली असते आणि आपण रोज तिथून गाडी काढून जातो.

आधी मी डिस्पोजेबलच घेणार होते. थर्माकोलच्या प्लेटी आपल्याकडे २०१८ पासूनच बंद आहेत, मग राहिल्या त्या उसाच्या चोथ्याच्या, दिसायला छान पण प्लेट, वाटी, ग्लास, चमचा असं सगळं धरलं तर सहाशेच्या पुढे जात होतं, आणि बसायला खुर्च्या आणायच्या होत्याच. तर मंडपवाल्याकडे गेले. खणांची स्टीलची ताटं तीस, पाच रुपयाला एक. वाट्या तीस, दोन रुपये. पेले चाळीस, तेही दोन रुपये. खुर्च्या पंधरा, दहा रुपयांनी. दोन सतरंज्या, एक झाकणासकट मोठं पातेलं आणि एक मोठा तवा. सगळं मिळून सातशे, टेम्पोचे दोनशे वेगळे, आणि हजार डिपॉझिट. मी तीन वेळा बेरीज केली.

आता चांगलं काय ते. टेम्पो पाचला सांगितला तर पावणेपाचला खाली हजर, आणि पोराने खुर्च्या दुसऱ्या मजल्यावर आणून दिल्या, लिफ्ट बंद होती तरी. ताटं जाड होती, ती पातळ पत्र्याची नाही जी हातात वाकतात. सतरंज्यांना मात्र गोडाऊनचा वास, कुबट, तासभर बाल्कनीत टाकल्या मग बऱ्या झाल्या. पेले धुवूनच वापरा, आतून तेलकट होते. एका खुर्चीचा पाय हलत होता आणि त्यावर नेमके सासरेबुवाच बसायला गेले, वेळेवर धरलं.

तव्याबरोबर तो भट्टी पण देत होता, शंभर रुपयांत. घेऊ नका. त्या भट्टीला हाय प्रेशरचा रेग्युलेटर आणि मोठा कमर्शियल सिलिंडर लागतो, घरच्या रेग्युलेटरवर ती नीट पेटतच नाही, आणि फ्लॅटमध्ये असले उद्योग करूही नयेत. आम्ही तवा घरच्याच शेगडीच्या दोन बर्नरवर आडवा ठेवला. मध्ये कमी तापतो, कडेला जास्त, पण पाव फिरवत राहिलं की होतं.

मेनू पावभाजी, तवा पुलाव, पापड, गाजर हलवा, कोकम सरबत. पार्टी जानेवारीत होती म्हणून हे परवडलं, मटार आणि गाजर तेव्हाच स्वस्त. भाजी मंडईतून आणली, आता मेट्रो थेट मंडईला जाते म्हणून पार्किंगची कटकट नाही, फक्त सिव्हिल कोर्टला गाडी बदलावी लागते आणि येताना दोन पिशव्या घेऊन ते सरकते जिने म्हणजे कसरत आहे. चार किलो बटाटे, चार किलो टोमॅटो, तीन किलो मटार, दोन किलो फ्लॉवर, वर कांदे, सिमला मिरची, लिंबं, कोथिंबीर, सगळं साडेसहाशेत. बटर एक किलो लागलं, इथे काटकसर करू नका, लोक पावभाजीला नाही बटरला येतात. पाव एकशेवीस आणले, वीस उरले, दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या वॉचमनकाकांकडे गेले. हलवा जाऊबाईंनी केला, चार किलो गाजरं एकटीने किसली, त्यांना पाचपैकी सहा.

पैसे फुकट गेले ते एकाच गोष्टीवर. ऑनलाइन फुग्यांच्या कमानीचं किट मागवलं चारशे नव्व्याण्णवला, त्यातला पंप दहाव्या फुग्याला मोडला, मग नवरा, दीर आणि दोन भाचे तोंडाने फुगवत बसले, बर्थडे बॉयला चक्कर यायची बाकी होती. कशीबशी कमान उभी केली आणि कोणीतरी फॅन लावला. फटाफट पंचवीसेक गेले. त्यापेक्षा तुळशीबागेतून हाउझीची बक्षिसं आणली ती भारी, चारशे रुपयांत गाळण्या, लिंबू पिळायचं यंत्र, एक छोटा खलबत्ता. खलबत्त्यासाठी दोन मावश्या अक्षरशः भांडल्या. दहाला स्पीकर बंद केला, मग सतरंजीवर अंताक्षरी, आणि तीच जास्त रंगली. खुर्च्या अर्ध्या रिकाम्याच होत्या, पुढच्या वेळी आठच घेणार.

दुसऱ्या दिवशी परत करताना मंडपवाला बसून एकेक पेला मोजतो. अगदी एकेक. दोन कमी भरले तर साठ-साठ करून एकशेवीस डिपॉझिटमधून कापले, तेवढ्यात नवीन येतात की राव. मला राग आला, आणि ताटं ‘नीट धुतली नाहीत’ असंही ऐकवलं, जे खोटं आहे. तीन दिवसांनी एक पेला बाल्कनीत तुळशीच्या कुंडीमागे सापडला, नेऊन दिला तर काही न बोलता साठ रुपये काढून हातात ठेवले आणि म्हणाला, ‘वहिनी, दुसरा पण बघा, सोफ्याखाली असतो बहुतेक.’ सोफ्याखाली नव्हता.

माझ्याकडून पाचपैकी चार. एक स्टार सतरंजीच्या वासाचा कापला. एकूण खर्च केक धरून पाच हजार नऊशेच्या आसपास. लग्नाच्या तारखा असतील त्या आठवड्यात त्याच्याकडे काहीच शिल्लक नसतं, तेव्हा पंधरा दिवस आधी सांगून ठेवा, आणि घेताना पेले तुम्ही पण मोजून घ्या, त्याच्यासमोर.