अठ्ठावीस लिटरचा ओटीजी, दोन दिवाळ्यांनंतर

कंपनीचं नाव लिहीत नाही. ज्या खोडी सांगणार आहे त्या या किमतीच्या बहुतेक ओटीजींत (ओव्हन-टोस्टर-ग्रिलर, म्हणजे ओट्यावरची विजेची छोटी भट्टी) निघतील. २८ लिटर, १५०० वॉट, साडेसहा हजारांना घेतला. मी ३१ वर्षं बँकेत कॅश सांभाळली आहे, त्यामुळे मोजल्याशिवाय चैन पडत नाही, एवढं आधी सांगते.

पहिला घोळ प्लगचा. ओट्यावर मोठ्या पिनांचा पॉइंट नव्हता. ह्यांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून कन्व्हर्टर आणला आणि एक्स्टेन्शन बोर्डला जोडून मोकळे झाले. दुसऱ्याच केकला जळका वास सुटला. मला वाटलं, केक लागला! केक ठणठणीत होता, बोर्डाचं सॉकेट मात्र पिवळं पडून मऊ झालं होतं. १५०० भागिले २३० म्हणजे साडेसहा अँपिअर. छोटं सॉकेट ६ चं, आणि त्यावर तासभर सलग भार. शेवटी वायरमनकडून जाड वायर ओढून १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट करून घेतला. तो खर्च ओटीजीच्या किमतीतच धरा.

दुसरी खोड थर्मोस्टॅटची, म्हणजे आतलं तापमान राखणाऱ्या बटणाची. पहिल्या नानकटाया खालून काळ्या, वरून पांढऱ्याफटक. नातवाने त्यांना ‘झेब्रा’ नाव ठेवलं. मग आत ठेवायचं छोटं थर्मामीटर आणलं, तर बटण १८० वर आणि आत २०५! आता १६० च्या नानकटाईला बटण १४० च्या जरा खाली ठेवते. त्याच थर्मामीटरने आणखी एक गोष्ट दाखवली: ‘झालं का बघू’ म्हणून दार उघडलं की काटा वीस-पंचवीस अंशांनी खाली येतो आणि कॉइल पुन्हा लाल होतात. म्हणून आता आतला दिवा लावायचा आणि काचेतूनच बघायचं. काचेला हात मात्र लावू नका, चांगलाच चटका बसतो. वरचा पत्राही तसाच तापतो. जिऱ्याची प्लॅस्टिकची बरणी मी त्यावर विसरले होते, तिचं बूड वाकडं झालं. भिंतीपासून चार बोटं पुढे ओढून ठेवलाय आणि वर काही ठेवायचं नाही, असा घरात कायदा आहे.

विजेचं म्हणाल तर एका रविवारी फ्रीज, पंखे, सगळं बंद करून मीटर वाचला. दहा मिनिटं प्रीहीट (आधी रिकामाच तापवणं) आणि नानकटाईचे दोन घाणे मिळून पन्नास मिनिटं, पाऊण युनिट. ठरलेलं तापमान आलं की कॉइल आपोआप बंद-चालू होतात, म्हणून सव्वा युनिट जळत नाही. पण एका वांग्याच्या भरतासाठी पाऊण तास लावला, तेव्हा मलाच माझी लाज वाटली. गॅसवर ते दहा मिनिटांत भाजतं, आणि धुरकट वासही तिथलाच खरा. बटाटेसुद्धा आधी कुकरला एक शिट्टी देऊन मगच आत घालते.

शेवटच्या घाण्याला पाच मिनिटं आधीच बंद करते, नानकटाई उरलेल्या धगीवर होते. त्याच धगीवर शेंगदाणे भाजायचा प्रयत्न फसला, कच्चेच राहिले. पत्रा पातळ, ऊब धरून ठेवत नाही. कढीपत्ता मात्र छान कुरकुरीत होतो, चटणीला उपयोगी पडतो. दोन ट्रे एकावर एक ठेवायच्या भानगडीत पडू नका, खालचा करपतो. आणि खालच्या ट्रेमध्ये सांडलेलं तूप त्याच दिवशी पुसा, नाहीतर पुढच्या वेळी धूर.

लहानपणी दिवाळीत आई पीठ मळून द्यायची आणि आम्ही पत्र्याचे ट्रे डोक्यावर घेऊन बेकरीत जायचो. प्रत्येक ट्रेत नावाची चिठ्ठी. भट्टी एकदाच पेटायची, गल्लीचं सगळं त्यातच भाजलं जायचं. गेल्या दिवाळीत आमच्या मजल्यावर तेच केलं. तीन घरांचे पाच ट्रे, प्रीहीट एकदाच, एक निघाला की लगेच दुसरा आत. चिठ्ठ्या लावल्या होत्या, तरी समोरच्या वहिनींच्या वेलचीच्या नानकटाया आमच्या डब्यात आल्या. अजून परत मागितलेल्या नाहीत.