जिप्समच्या 10 गोण्या आणि अर्धा एकर चोपण

आमची द्राक्षबाग निफाड तालुक्यात. तिच्या खालच्या अंगाचा अर्धा एकर म्हणजे जुनं दुखणं. पाऊस उघडल्यावर वरच्या बागेत तिसऱ्या दिवशी वापसा यायचा, म्हणजे जादा पाणी निघून माती काम करण्याजोगी व्हायची. खाली आठवडा उलटला तरी बूट रुतायचे. वाळलं की पांढरट पपडी, आणि ढेकूळ इतकं टणक की कुदळ खणकन वाजावी. थॉमसनच्या पानांच्या कडा करपायच्या. बोद, म्हणजे वेलींखालचा मातीचा उंचवटा, उकरला तर पांढरी मुळी शोधावी लागायची.

पहिला इलाज केला तो महागातला. दुकानाचं नाव घेत नाही, रोजचं जाणं-येणं आहे. 5 लिटरचा काळा कॅन, त्यावर मोठ्या अक्षरात 'सॉइल कंडिशनर'. घटक काय, तर 'सेंद्रिय अर्क'. बस्स. "दादा, ड्रिपमधून सोडा, आठ दिवसांत माती लोण्यासारखी." हंगाम गेला, लोणी काही निघालं नाही. ह्युमिकला, म्हणजे असल्या काळ्या सेंद्रिय अर्काला, मी वाईट म्हणत नाही, वरच्या बागेत अजूनही सोडतो. पण खालचं दुखणं सोडियमचं होतं. तिथं कॅनभर काळ्या पाण्याचा काय पाड लागणार?

शेवटी माती तपासून घेतली, जे आधी करायला हवं होतं. सामू (पीएच) 8.8. चिकणमातीच्या कणांना चिकटलेल्या सोडियमचा टक्का 19. हा टक्का 15 च्या पुढे गेला की जमीन चोपण धरतात. शिफारस आली जिप्समची (कॅल्शियम सल्फेटचं खनिज), एकरी एक टन. म्हणजे माझ्या तुकड्याला 50 किलोच्या 10 गोण्या. सगळ्या गोण्यांचं बिल भाड्यासकट त्या कॅनच्या आसपासच गेलं, हे बायकोला अजून सांगितलेलं नाही.

टाकण्याआधी घरी एक प्रयोग केला. तुम्हीही करा, खर्च काही नाही. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर दोन ग्लासांत घेतलं. एकात जिप्सम ढवळून, निवळू देऊन वरचं पाणी वापरलं. दोन्हींत सुपारीएवढं वाळलेलं ढेकूळ अलगद सोडलं, ढवळलं नाही. साध्या पाण्यातल्या ढेकळाभोवती तासाभरात दुधासारखं वलय पसरलं. संध्याकाळपर्यंत ग्लास गढूळ. जिप्समच्या पाण्यातलं ढेकूळ फुटलं, पण त्याचे रवे तळाशी बसून राहिले आणि वरचं पाणी नितळ. शेतात पाणी का मुरत नव्हतं ते तिथं कळलं. माती पिठासारखी सुटत होती आणि भोकं बुजवत होती.

मुलगी बीएस्सीला आहे, केमिस्ट्री. ग्लास बघून म्हणाली, "पप्पा, हे तर माझ्या कंडिशनरसारखंच." शाम्पूनंतर केसांवर ऋण भार असतो, तुटलेल्या टोकांवर जास्तच. कंडिशनरमधले धन भाराचे कण तिथं जाऊन चिकटतात, म्हणून केस पिंजारत नाहीत, फणी सरळ जाते. चिकणमातीच्या कणांवरही ऋण भारच. तिथं सोडियमला हटवून जिप्सममधला कॅल्शियम बसला की कण गोळा होऊन रवा धरतात. फरक एवढाच की तिची बाटली दोन मिनिटांत काम करते आणि माझ्या गोण्यांना आख्खा पावसाळा लागला.

कारण जिप्सम विरघळायला आळशी. लिटरभर पाण्यात जेमतेम अडीच ग्रॅम. हिशेब केला तर माझे 500 किलो विरघळायलाच दोन लाख लिटर पाणी हवं, म्हणजे त्या तुकड्यावर साधारण 100 मिलिमीटर पाऊस. शिवाय सुटलेला सोडियम मुळांच्या खाली वाहून जायला पाणी आणि निचरा वेगळा. म्हणून उन्हाळ्यातल्या खरड छाटणीनंतर, मेअखेरीस बोदावर पसरून मातीत कालवलं आणि खालच्या बांधाला चर काढला. चर नसता तर पैसे पाण्यातच गेले असते, आणि तेही साचलेल्या.

दुसऱ्या पावसाळ्यात वापसा पाचव्या दिवशी आला. वरच्या बागेएवढा नाही, पण औषध मारायला ट्रॅक्टर आत जातो. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर बोद उकरला तर पांढरी मुळी बोटभर खोलीवर जाळीसारखी दिसली. पानांच्या कडा अजून थोड्या करपतात. बोअरचं खारवट पाणी तेच आहे ना.

जिप्समला पाचपैकी चार तारे. एक तारा कापतोय तो मालाच्या दर्जासाठी. तीन गोण्या ओल्या होत्या, आत मुठीएवढे खडे, ते फोडायला दोन मजूर अर्धा दिवस. आणि पुरवणारा सांगत होता की "याने चुनखडी पण जाते". नाही जात. जिप्सममध्ये कॅल्शियमच आहे, चुनखडीवर तो काय करणार? तिथं गंधकाचा विचार वेगळा.

यंदा उरलेल्या कोपऱ्यासाठी चार गोण्या सांगितल्यात. या वेळी पोत्याचं तोंड उघडून, हात घालून बघितल्याशिवाय गाडीत चढवू देणार नाही.