लॅपटॉपचा स्टँड: आठ महिन्यांच्या वापरानंतर

मी नाशिकमध्ये घरूनच हिशेब आणि करविवरणपत्रांचे काम करतो. जीएसटीच्या मासिक विवरणपत्रांची मुदत ११ आणि २० तारखेला असल्यामुळे त्याआधीचे काही दिवस दहा-दहा तास लॅपटॉपसमोर बसणे चुकत नाही. गेल्या वर्षी मान उजवीकडे वळवली की खांद्यापर्यंत कळ जाऊ लागली, तेव्हा फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्यावरून मी उंची बदलता येणारा, अ‍ॅल्युमिनियमचा घडीचा स्टँड घेतला.

पहिल्या पंधरा दिवसांत तो परत करण्याच्याच बेतात होतो. लॅपटॉपचा पडदा आणि कीबोर्ड एकमेकांना जोडलेले असल्यामुळे पडदा डोळ्यांसमोर आणला की टंकताना हात अधांतरी राहतात आणि हात खाली आणले की मान झुकते; मी पडदा वर नेला आणि मानेचे दुखणे खांद्यांत आणून ठेवले. वेगळा कीबोर्ड आणि माउस घेतल्यावरच स्टँडचा उपयोग सुरू झाला, म्हणून किंमत ठरवताना या दोन वस्तूंचा खर्च आधीच धरावा.

त्यानंतरची अडचण टेबलाची निघाली. आमचे जेवणाचे टेबल मला उंच पडते. कोपर टेबलाच्या पातळीला यावे म्हणून खुर्ची वर केली, तर पाय लोंबकळू लागले आणि कंबर धरली. शेवटी माळ्यावरचा लाकडी पाट काढून पायांखाली घेतला आणि कमरेमागे टॉवेलची गुंडाळी ठेवली. या दोन बिनखर्ची गोष्टींनी कमरेला दिलेला आराम स्टँडने मानेला दिलेल्या आरामापेक्षा कमी नाही.

सर्वांत जास्त वेळ गेला तो चष्म्यामुळे. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला असावी, असे जिथे-तिथे वाचायला मिळते आणि मीही फूटपट्टी लावून तसेच केले होते. तिसऱ्या महिन्यात मानेची मागची बाजू आखडू लागली. माझा चष्मा प्रोग्रेसिव्ह आहे. जवळचे दिसण्याचा नंबर त्याच्या काचेच्या खालच्या भागात असल्यामुळे पडद्यावरचे बारीक आकडे वाचताना मी नकळत हनुवटी वर करून डोके मागे टाकत होतो. स्टँड सुमारे चार बोटे खाली आणला, पडदा थोडा मागे कलवला आणि हा त्रास आठवड्याभरात गेला. चाळिशीचा चष्मा असणाऱ्यांनी कोणत्याही चित्रातली उंची जशीच्या तशी उचलू नये.

मान ६० अंश झुकली की तिच्यावर सुमारे २७ किलोचा भार येतो, हा आकडा बऱ्याच ठिकाणी दिसतो. तो न्यूयॉर्कचे शल्यचिकित्सक केनेथ हंसराज यांनी २०१४ मध्ये संगणकीय प्रारूपावरून काढलेला आहे, जिवंत माणसाच्या मानेत मोजलेला नाही. आकड्यांशीच रोजचा संबंध असल्याने हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. माझ्या बाबतीत तरी कोनाइतकाच दोष एका जागी न हलता बसण्याचा होता. पडदा अगदी योग्य उंचीवर असतानाही सलग तीन तास बसलो की संध्याकाळी मान बोलतेच. आता दर अर्ध्या तासाने गजर वाजला की उठतो, पाणी पितो आणि हनुवटी सरळ मागे घेऊन पाच आकडे मोजण्याचा, फिजिओथेरपिस्टने शिकवलेला व्यायाम करतो. २० तारखेच्या आदल्या दिवशी मात्र गजर बंद करतो आणि त्याची किंमत दुसऱ्या दिवशी मोजतो.

वस्तू म्हणून स्टँड ठीक आहे. पाचव्या महिन्यात बिजागरी सैल झाली, ती सोबत आलेल्या पान्याने आवळता आली. एक रबरी बूच निघाले, ते डिंकाने बसवले. लॅपटॉपच्याच कीबोर्डवर टंकले तर तो डुगडुगतो. खांद्यात जाणारी कळ सहाव्या महिन्यापासून आलेली नाही, पण हातापायांना मुंग्या येत असतील किंवा पकड ढिली पडत असेल, तर खरेदी बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना दाखवावे.

रात्री उशीला टेकून मोबाइल पाहण्याची सवय अजून सुटलेली नाही. सकाळी मान आखडली, तर ती त्या सवयीच्या खात्यावर टाकतो, स्टँडच्या नाही.